जादा ए

कोर्टाच्या आवारात, चिंचेखाली, माझं टेबल.
जानेवारीत कळा गार लागतात,
बोटं आधी चहाच्या ग्लासाला लावून घेतो.
पहिलं गिऱ्हाईक तेजल.
काखेत फाईल, डोळे जागरणानं तांबडे.
"मामा, अ‍ॅफिडेव्हिट करायचं हाय.
पासपोर्टावर मुतगेकर बरोबर हाय,
डिग्रीवर मधी एक ए जादा पडलाय.
लंडनवाले विचारुलालेत, ह्या दोघी कोण?"

कन्नडात प्रत्येक अक्षर पुरतं म्हणायचं.
आपण मधलं अर्धं गिळतो.
जन्मदाखला लिहिणाऱ्या कारकुनानं
तिच्या आडनावातला त मोकळा म्हटला असेल,
विद्यापीठानं त्याला इंग्रजीत ए लावला,
आणि पासपोर्टाचा फॉर्म भरताना तिच्या वडलांनी
घरात हाक मारतात तसा
तो गिळून टाकला.
एवढंच.
खरं एवढं लंडनला कळवायला
शंभराचा स्टँप लागतो.

प्रिंटर तापेपर्यंत ती पुस्तक उघडते.
तीनशेसाठ प्रश्न, दोन दिवस,
प्रत्येकाला पाच उत्तरं
आणि पाचही बरोबर वाटतात, म्हणते.
"ऐका की मामा, तिथं दोघांच्या नावानं मिळून घर असलं
आणि एक मेला, तर त्याच्या पोरांना काय न्हाई.
सगळं उरलेल्याला."
मी म्हटलं, आपल्याकडं असा कायदा असता
तर आमच्या अख्ख्या भावकीत
एकच माणूस शिल्लक राहिला असता.
हसली. मग म्हणाली,
"तुमी पण लॉ केलेलं न्हवं?"

केलेलं.
टिळकवाडीत, संध्याकाळच्या वर्गात.
सनद घेतली. शहापुरात काळा कोट शिवला.
पहिल्याच दाव्यात मुन्सफसाहेबांनी
कन्नडात काहीतरी विचारलं.
मी उभा राहिलो.
नुसता उभा राहिलो.
साहेब बराच वेळ थांबले, रागावले नाहीत.
रागावले असते तर बरं झालं असतं.
त्या कोर्टापासून माझं घर
सायकलनं अकरा मिनिटं.

कन्नड पुढं शिकलो, ह्याच टेबलावर,
दुसऱ्यांची खरेदीपत्रं उतरवत.
आता एखादा जुना शब्द अडला
की नोटरी कलमठ वकील मला बोलावतात.
कोट कुठल्या ट्रंकेत आहे, आठवत नाही.

ह्यातलं तिला काही सांगितलं नाही.
म्हटलं, "केलेलं. वडलांचं नाव सांग."

इंग्रजीत टाइप करतो, मनात मराठीत वाचतो:
खाली सही करणारी मी शपथेवर लिहून देते
की एवाली आणि बिनएची
ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची,
ती व्यक्ती मी,
वरचा मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा.
ह्या शेवटच्या शब्दापाशी बोटं दर वेळी अडतात.
पुण्याच्या माणसाला सांगून पटत नाही,
आमच्याकडं 'पण' म्हणायचं असलं
की 'खरं' म्हणतात.
जेवलो, खरं पोट भरलं नाही.
पास झालो, खरं.

कलमठ चष्म्यावरून बघतात.
"एरडू ओंदेना?" दोन्ही एकच का?
"हौद्रि, ओंदे."
आणि पुढं ए कुठून आला, कसा आला,
सगळं कन्नडात, सरळ, न अडखळता.
कलमठ शिक्का मारायचे थांबून ऐकत राहिले.
मीही.

पैसे दिले. पन्नास परत केले तर घेईना.
"येते मामा," म्हणाली,
जणू खानापूरला जाऊन
संध्याकाळच्या गाडीनं परतणार.

चुकलेली एक प्रत टेबलावर राहिली.
तिच्या कोऱ्या पाठीवर पेनानं
माझं नाव इंग्रजीत लिहून बघितलं,
किती ए गिळले होते ते मोजत.
तिसऱ्यापर्यंत आलो
तेवढ्यात बैलहोंगलचे दोघे भाऊ समोर,
वाटणीपत्र, कन्नडात, आजच पाहिजे.
कागद उलटा केला.
कुंदर्रि, म्हटलं. बसा.